समोर जाणकार बसले की घसा आवळतो

पत्र

मी त्रेचाळीस वर्षांची, सांगलीला राहते, बँकेत नोकरी करते. लग्नाआधी विशारद झाले होते. मध्ये मुलांच्या धावपळीत गाणं सुटलं, आता काही वर्षं पुन्हा गुरुजींकडे जाते. घरी रियाजाला बसले की गाणं छान होतं. चार माणसं समोर आली की घसा आवळतो, तोंडाला कोरड पडते आणि लय कधी वाढली ते कळतच नाही. यंदा गुरुपौर्णिमेला पहिल्या ओळीत माझ्या थोरल्या गुरुभगिनी बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळच विसरले. तेवढाच तुकडा कुणीतरी मोबाइलवर घेतला आणि तो ग्रुपवर फिरला. आता इथल्या एका मंडळानं दिवाळी पहाटेला पाऊण तास दिलाय. अहिर भैरव हा राग माझा बरीच वर्षं घोटलेला आहे, पण 'हिला तेवढंच येतं' असं कुणी म्हणू नये म्हणून ललत हा दुसरा राग गायचं ठरवलंय. मैत्रीण म्हणते, धडधड थांबवायची गोळी मिळते, ती घे. लोक काय म्हणतील हे डोक्यात न येता, पूर्णपणे गाण्यात राहून गायचं तर काय करावं? की मंडळाला नाहीच म्हणू?
— घसा आवळलेली, सांगली

ताई,

मंडळाला नाही म्हणू नका. ललत मात्र सोडा. बाकीचं सावकाश बोलू.

मी पेटीवाला. गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं आणि त्याच्या मागून स्वर उचलायचे, हे माझं काम. आमच्या जागेवरून श्रोत्यांना न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसतात. गायिकेनं पहिला षड्ज, म्हणजे सा, लावला की लगेच तिची नजर कुठे जाते, ते मी बघतो. डोळे मिटले, किंवा तानपुऱ्याकडे मान कलली, तर मी निवांत भाता ओढतो. नजर पहिल्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली, की तबलजी आणि मी एकमेकांकडे बघतो. पुढची दहा मिनिटं कशी जाणार याचा अंदाज आम्हाला तिथेच येतो.

तुम्हाला आत्तापर्यंत शंभर जणांनी सांगितलं असेल, 'लोकांकडे लक्षच देऊ नकोस.' किंवा ते जुनं, समोर सगळे कोबीचे गड्डे बसलेत असं समज. या सल्ल्यानं कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. तुम्ही सांगली-मिरजेच्या पट्ट्यात गाणार आहात. जिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथे दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे कलाकार येऊन हजेरी लावतात, तिथल्या श्रोत्यांत कान तयार असलेली माणसं असणारच. मांडीवर बोटांनी मात्रा मोजणारे काका असतील. तुमचा निषाद (नी) जरा उतरला तर ते त्यांना कळेल, आणि घरी जाताना ते बोलूनही दाखवतील. हे खोटं आहे असं तुमच्या मनाला पटवायला गेलात तर मन ऐकणार नाही, कारण ते खरंच आहे.

तेव्हा 'मला कुणी जोखणार नाही' हा हट्ट आधी सोडू. कुमार गंधर्वांना लोकांनी सोडलं नाही. क्षयाच्या दुखण्यातून उठून ते देवासहून पुन्हा गायला लागले तेव्हा, ही कसली ग्वाल्हेर गायकी, विलंबित (संथ लयीतलं गाणं) कुठे आहे, असं विचारणारे जाणकारच होते. किशोरीताई आमोणकरांना जयपूर घराण्याची शिस्त मोडली म्हणून ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही त्याच घराण्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांची लेक असताना. या दोघांना जिथे सुटका मिळाली नाही तिथे तुम्हाआम्हाला कशी मिळेल? लोक जोखतात, जोखू देत. तो त्यांचा उद्योग. घोटाळा होतो तो तुम्ही त्यांच्या वतीनं स्वतःला जोखायला लागता तेव्हा. एका हातानं पेपर लिहायचा आणि दुसऱ्या हातात लाल पेन घेऊन तोच पेपर तपासत जायचं, यात पेपर कसा सुटणार?

गुरुपौर्णिमेला नेमकं हेच झालं. तुमचे कान तुमच्याजवळ नव्हते. ते पहिल्या ओळीत, त्या बाईंच्या ओठांपाशी गेले होते. काय बोलल्या त्या? तुम्हालाही माहीत नाही. साडीचं विचारलं असेल, पार्किंगचं सांगितलं असेल, 'सा चढा लागलाय' असंही म्हणाल्या असतील. मुखडा हरवला तो त्यांच्या बोलण्यामुळे नाही. त्या क्षणी गाणं ऐकायला तुमच्याकडून मंचावर कुणी उरलंच नव्हतं, म्हणून हरवला.

म्हणून माझा सगळा सल्ला कानाभोवती आहे. धीर धरा, आत्मविश्वास ठेवा, वगैरे मी सांगणार नाही. धीर मागितल्यानं येत नाही. कानाला मात्र काम देता येतं आणि ते रोज घोटता येतं.

तुमच्याकडे तानपुरा असेलच, मोबाइलवरचा नव्हे, लाकडाचा. नसेल किंवा त्याचा आवाज बसला असेल तर मिरज दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कारागिराकडून जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा उतार, नीट लावून आणा. मग रोज रियाजाच्या आधी, तोंडातून एकही स्वर न काढता, नुसता तानपुरा जुळवायचा. जोडीच्या दोन तारा एकमेकींत पूर्ण विरघळेपर्यंत, मग पंचमाची (प), मग खर्जाची (खालच्या सा ची) तार. जवारीचा दोरा केसाएवढा पुढेमागे सरकवत राहा. सगळं जुळलं की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार (ग) वर येतो. तुमच्या गुरुजींनी त्याला स्वयंभू गंधार म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल. तो ऐकू आला की डोळे मिटून चार-पाच मिनिटं फक्त त्यालाच धरून बसा. मध्येच बँकेतलं काही आठवेल, गॅसवर ठेवलेलं दूध आठवेल, आणि गंधार नाहीसा होईल. तारा तशाच वाजत असतात, जुळवणीही बिघडलेली नसते, फक्त आपण तिथून उठून गेलेलो असतो. चिडू नका, परत ऐका, तो परत सापडतो.

हा गंधार ऐकत असताना पहिल्या ओळीचा विचार करून बघा. जमत नाही. दोन्ही एकदम होत नाही. तुम्ही विचारलेलं 'पूर्णपणे गाण्यात राहणं' माझ्या समजुतीप्रमाणे एवढंच आहे, आणि त्याला कसलाही अलौकिक स्वभाव लागत नाही. कुमारजी तानपुऱ्यांच्या जुळवणीबाबत किती काटेकोर होते, त्याच्या कथा आपल्याकडे चवीनं सांगतात. समोर कुजबूज झाली तर किशोरीताई भर मैफलीत सुनावत, याच्याही. लोक त्याला मिजास म्हणत. मला वाटतं त्या आपला कान राखत होत्या. आपण श्रोत्यांना सुनावण्याएवढे मोठे नाही, पण तानपुरा जुळवायला मंचावर पाच मिनिटं घेण्याचा हक्क पहिलटकरणीलाही आहे. निवेदिका हातात माइक घेऊन ताटकळत असली तरी. बहुतेक नवखे गायक इथेच घाई करतात. 'चालेल चालेल' म्हणत सुरू करतात आणि मग ते चालत नाही.

आता ललतविषयी. राग सुंदर आहे, पहाटेचाच आहे, सगळं मान्य. पण त्यात पंचम वर्ज्य. तानपुरा मध्यमात लावायचा, दोन मध्यम शेजारी शेजारी घ्यायचे. म्हणजे घसा आवळलेला असताना ज्या पंचमावर जाऊन घटकाभर बसता आलं असतं, ती जागाच तुम्ही काढून टाकताय. आणि कशासाठी? 'तेवढंच येतं' असं कुणी म्हणू नये म्हणून. ही निवडसुद्धा पहिल्या ओळीनंच केलेली आहे, तुम्ही केलेली नाही. अहिर भैरव गा. त्यात पंचम आहे, मध्यमावर हवा तेवढा वेळ थांबता येतं, आणि तुमच्या तानपुऱ्यातून वर येणारा तो गंधारही रागातलाच आहे. वर्षानुवर्षं घोटलेल्या रागात चूक झाली तरी घसा आपसूक वाट काढतो. नव्या रागात चूक झाली की पाटी कोरी होते. ललत पुढच्या वर्षी गा, आधी घरच्या बैठकीत दहादा गाऊन झाल्यावर.

शरीराचंही थोडं समजून घ्या, म्हणजे ते वैरी वाटणार नाही. भीती वाटली की अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं. नाडी जोरात चालते, लाळ आटते, श्वास वरच्या वर चालतो, मान-खांदे आखडतात आणि त्यांच्याबरोबर गळ्याभोवतीचे स्नायूही. म्हणून मंद्र (खालचं) सप्तक लागत नाही आणि तार षड्ज चढा लागतो. लय वाढते तीही यामुळेच. तुमची नाडी धावत असते, म्हणून घरची विलंबित लय तुम्हाला मंचावर रेंगाळलेली वाटते आणि तुम्ही हातानं तबलजींना पुढे काढता. यावर एक साधा उपाय आहे. आदल्या दिवशी तबलजींबरोबर बसा, मुखडा गुणगुणून बारा मात्रांच्या एकतालाची लय पक्की करा आणि त्यांना सांगून ठेवा, 'उद्या मी घाई केली तरी तुम्ही करू नका.' चांगला तबलजी हे आनंदानं करतो. उलट, गायिकेनं विश्वास टाकला की तो जास्तच सांभाळून घेतो.

मंचावर जायच्या आधी श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, घेण्याकडे नको. तोंड मिटून मकार धरा आणि उच्छ्वास जमेल तेवढा लांबवा. उच्छ्वास लांबला की नाडी थोडी उतरते. पूर्ण उतरणार नाही, आणि तशी गरजही नाही. 2014 मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी एक प्रयोग छापला होता. लोकांना कॅराओकेवर गायला लावलं. गाण्याआधी काहींना 'मला भीती वाटतेय' असं म्हणायला सांगितलं, तर काहींना 'मला हुरूप आलाय' असं. हुरूपवाले यंत्राच्या मोजणीत सरस ठरले. कॅराओके म्हणजे विलंबित ख्याल नव्हे, हे मलाही कळतं. पण मुद्दा घेण्यासारखा आहे. धडधड दोन्हींत तीच असते. ती दाबून टाकायच्या खटपटीत अर्धी ताकद खर्च होते. धडधडतंय ना, धडधडू दे, असं म्हणून षड्ज लावा.

गोळीबद्दल. मैत्रीण म्हणते ती बहुधा प्रोप्रानोलोल असावी. परदेशात वादक मंडळींमध्ये ती बरीच चालते, कारण तिनं हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी होते. पण दम्याच्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते, रक्तदाब उतरवते, आणि डोक्यात चाललेला 'लोक काय म्हणतील'चा पाढा काही ती बंद करत नाही. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी अजिबात घेऊ नका. कार्यक्रमाच्या विचारानं आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, नोकरीत लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. त्यात कमीपणा नाही. तुमच्या पत्रावरून तरी प्रकरण तिथवर गेलेलं दिसत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचा रियाज चांगला आहे म्हणता, आणि मला ते खरंही वाटतं. पण रियाजात आपण काय करतो? तान बिघडली की थांबतो. पुन्हा घेतो. स्वर हलला की 'च्' करून परत लावतो. वर्षानुवर्षं आपण गळ्याला शिकवलेलं असतं, चूक झाली की थांबायचं. मग मंचावर चूक झाल्यावर गळा थांबला तर दोष कुणाचा? तो शिकवलेलंच करतोय. म्हणून रियाज दोन प्रकारचा ठेवा. रोजचा, घोटायचा, थांबत-थांबत करायचा. आणि आठवड्यातून दोनदा वेगळा. साडी नेसून, तानपुरा जुळवून, पाऊण तास सलग, काहीही झालं तरी न थांबता. कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, सम (तालाची पहिली मात्रा) हुकली, तरी गाणं चालू. पहिल्यांदा फार त्रास होईल. सम हुकल्यावर पुढच्या मुखड्यापर्यंत जो वेळ जातो, त्यात काय करायचं हे तुम्हाला कुणी शिकवलेलंच नसतं. ते तिथे शिकता येतं. ठेक्यावर कान लावायचा, रागात एखादा लहानसा आलाप करत राहायचं, आणि तबलजींच्या हाताकडे बघत दहाव्या-अकराव्या मात्रेला मुखडा उचलायचा. आम्ही साथीदार इथे फार उपयोगी पडतो. तुम्ही बघितलंत तर! मी मुखड्याचे स्वर पेटीवर हळूच देतो. ते घ्यायचे की नाही हे गायकाच्या हातात. घाबरलेला गायक आमच्याकडे बघतच नाही, तो समोर बघतो.

चेहऱ्याचंही सांगतो. सम हुकल्याचं श्रोत्यांतल्या फार तर पाच-सहा जणांना कळतं. बाकीच्यांना ते तुमच्या चेहऱ्यावरून कळतं. जीभ चावणं, मान हलवणं, ओशाळं हसणं, हे सगळं घरच्या सलग गाण्यात आरशासमोर काढून टाका.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी घरी छोटी बैठक करा. आठ-दहा जण, खाली सतरंजी, नंतर चहा-पोहे. त्या थोरल्या गुरुभगिनींना आवर्जून बोलवा. स्वतः फोन करा. 'ताई, पहाटेच्या कार्यक्रमाआधी एकदा तुम्ही ऐकावं असं वाटतं.' मला माहीत आहे, हे वाचूनच तुमचा घसा आवळला असेल. पण बघा, आत्ता त्या तुमच्या मनात परीक्षक होऊन बसल्यात. दिवाणखान्यात सतरंजीवर, पोह्याची बशी हातात घेऊन बसल्या की त्या माणूस होतील. आणि खरंच काही सांगण्यासारखं असेल तर कानात न सांगता तुम्हाला सांगतील. गुरुभगिनी असतात कशासाठी? त्या तिरकं बोलल्याच, तर ते ऐकण्याची तालीमही घरात झालेली बरी.

मोबाइलच्या चित्रणाबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. पूर्वी फसलेली मैफल लोक आठ दिवसांत विसरत. आता ती ग्रुपवर राहते. संयोजकांना आधीच सांगा की चित्रण मला दाखवल्याशिवाय कुठे टाकू नका, आणि निवेदनात मोबाइल बंद ठेवायची विनंती करा. एक-दोघं तरीही घेतील. आणि तुम्ही स्वतः, कार्यक्रमाच्या रात्री ते ऐकू नका. आठवड्यानं ऐका, वही घेऊन. त्याच रात्री ऐकलं की फक्त जखमा मोजल्या जातात.

त्या दिवशी डोळे सगळा वेळ मिटून ठेवू नका. आलापीत मिटले तर ठीक, पण समेला उघडा. समोर बघायचंच असेल तर ऐकण्यात रमलेला एखादा चेहरा शोधा, असतोच तिसऱ्या-चौथ्या ओळीत. तुमच्या मिस्टरांकडे मात्र बघू नका. ते तुमच्यापेक्षा घाबरलेले असतील. आणि दिवाळी पहाटेचे श्रोते म्हणजे तरी काय, उटणं लावून, नवे कपडे घालून, अर्धवट झोपेत आलेली माणसं. निम्म्यांचं मन घरच्या फराळात असतं. त्यांना चांगली सकाळ हवी आहे, तुमचा निकाल नको आहे. पाऊण तासात अहिर भैरवचा बडा ख्याल, द्रुत तीनतालातली बंदिश आणि शेवटी एक अभंग एवढं पुष्कळ झालं. पाच मिनिटं उरली तर उरू द्या.

पहाटेचा गळा जड असतो, आवाज खाली बसलेला असतो. कार्यक्रमाच्या दोन-अडीच तास आधी उठा, कोमट पाणी घ्या, खर्जात सावकाश मेहनत करा, वरच्या सप्तकाची घाई करू नका. आणि तुमची पट्टी (सा धरायची पेटीवरची जागा) काळी चार असेल तर त्या दिवशी बिनदिक्कत अर्धा स्वर उतरून पांढरी पाच घ्या. कुणी म्हणेल पट्टी उतरली, म्हणू द्या. माझ्यासारख्या पेटीवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही, बोटं सरकवली की झालं. तबलजींना मात्र आजच फोन करा. दिवाळीत ही मंडळी पहाटे एक आणि दहा वाजता एक असे दोन-दोन कार्यक्रम करतात, आणि आयत्या वेळी सांगितलं तर गाडीत असेल त्याच पट्टीचा तबला तुमच्या वाट्याला येतो.